दंडाची वही आणि खुळखुळा

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला एक खोड जडते. समोर कोणताही कागद आला की मनात पहिला प्रश्न उठतो : याचा उपयोग काय, आणि परतफेड कधी? विद्यापीठांतल्या संशोधनाकडेही मी बरीच वर्षे याच नजरेने पाहत आलो. कुणी चारशे वर्षांपूर्वीच्या पाणीवाटपावर पीएच.डी. करतो आहे असे कळले, की शाखेत चहाच्या वेळी आम्ही मनसोक्त हसत असू. ते हसू उतरले ते स्पेनमुळे.

झाले असे, की एका कादंबरीसाठी मी धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीचे वाचन करीत होतो. पांझरा, मोसम अशा नद्यांवर बंधारे घालून शेतकऱ्यांनी आपसांत पाणी वाटून घेण्याची ही आपली जुनी रीत. वाचता वाचता शेतकऱ्यांनीच चालवलेल्या कालव्यांचा विषय निघाला आणि त्यातून व्हॅलेन्सिया शहर समोर आले. कादंबरी तशीच राहिली, मी मात्र स्पेनमध्ये जाऊन बसलो. अर्थात पुस्तकांतून.

व्हॅलेन्सियाच्या कॅथेड्रलच्या एका दारापाशी दर गुरुवारी दुपारी बारा वाजता पाण्याचे न्यायालय भरते. तुरिया नदीवरच्या आठ कालव्यांचे निवडून आलेले आठ शेतकरी काळे अंगरखे घालून बसतात. वकील नाही, लेखी दावा नाही, सगळे तोंडी. आरोपी ज्या कालव्याचा, त्या कालव्याचा प्रतिनिधी निकालात तोंड उघडत नाही. वरती अपील नाही. पर्यटक फोटो काढतात आणि निघून जातात. पण टॉमस ग्लिक नावाचे अमेरिकन इतिहासकार निघून गेले नाहीत. मध्ययुगीन व्हॅलेन्सियातल्या सिंचनावर त्यांचे पुस्तक १९७० साली आले. शेजारच्या कास्तेयॉनमधल्या पंधराव्या शतकातल्या दंडाच्या वह्या त्यांनी तपासल्या. कोणी पाळी सोडून पाणी घेतले, कोणी पाणी वाया घालवले, कोणाला किती दंड झाला, हे सगळे त्या वह्यांत होते.

मी आयुष्यभर खातेवह्या तपासल्या, म्हणून सांगतो, अशा वह्या कोणी प्रेमाने वाचत नाही. पण त्यांतून एक गोष्ट बाहेर आली. पकडले जाणारे पुष्कळ, पण बहुतेक दंड अगदी किरकोळ. शेजाऱ्याला बुडवायचे नव्हते. आपल्यावर नजर आहे, एवढे त्याला कळले की पुरे होते. १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी मांडले होते, की सामाईक मालमत्ता माणसे अखेर ओरबाडून संपवतात. त्यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० साली जे पुस्तक लिहिले, त्यात व्हॅलेन्सियाचे हे शेतकरी साक्षीला उभे आहेत. २००९ साली ऑस्ट्रॉमबाईंना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. या विषयात ते मिळवणारी ती पहिली स्त्री. त्याच वर्षी युनेस्कोने त्या गुरुवारच्या न्यायालयालाही वारसा म्हणून मान दिला. पुस्तक १९७० चे, नोबेल २००९ चे. आमच्या कोणत्याही कर्जाला एवढी मुदत मंजूर झाली नसती.

स्पेनच्या जगण्यावरचे संशोधन नुसते कालव्यापुरते नाही, ते अक्षरशः ताटापर्यंत पोचले आहे. तिथली माणसे एवढ्या उशिरा का जेवतात, यावरही विद्वानांत वाद आहे. १९४० साली फ्रँकोने घड्याळ तासभर पुढे नेले आणि ते मागे आलेच नाही, झोपेचे खोबरे त्यामुळे झाले, असे एक मत. दुसरे मत असे, की लोक सूर्य पाहूनच जेवतात, फक्त घड्याळ पुढे असल्याने आकडा उशिराचा दिसतो. मला दुसरे पटते. ऑलिव्ह तेल आणि सुकामेवा हृदयाला चांगला, असे ७,४४७ माणसांच्या पाहणीवरून २०१३ साली जाहीर झाले. पुढे गटवाटणीतल्या चुका उघड झाल्या. काही घरांत नवरा-बायकोला एकाच गटात घातले होते. २०१८ साली संशोधकांनी तो निबंध मागे घेतला, आकडे पुन्हा मांडले आणि निष्कर्ष जरा सौम्य करून छापला. आपली चूक आपणच छापून जाहीर करायची, हे मला तेलापेक्षा पौष्टिक वाटले.

एक विषय मात्र वाचताना जड गेला. २००८ नंतर स्पेनमध्ये घरबांधणीचा फुगा फुटला. हप्ते थकले, घरे गेली, आणि घर बँकेला देऊनही उरलेले कर्ज माणसाच्या डोक्यावर राहिले. २००९ साली बार्सिलोनात अशा कर्जदारांची संघटना उभी राहिली. तिच्या बैठकांना मानववंशशास्त्रज्ञ जाऊन बसले. बँकेचे पत्र शेजाऱ्यापासून लपवणारा माणूस दहा अनोळखी लोकांसमोर आपली थकबाकी मोठ्याने सांगतो तेव्हा काय होते, हे त्यांनी टिपले. मी वसुलीचे काम पुष्कळ केले. फाईलवर ‘वसुली अशक्य’ असा शेरा मारून मी पुढची फाईल ओढली आहे. त्या नमुन्यात ‘का’ असा रकानाच नव्हता, आणि तो असावा असे मलाही कधी सुचले नाही.

आणि कबरी. १९३६ च्या यादवीत गोळ्या घालून रस्त्याकडेला पुरलेल्या माणसांविषयी स्पेन अनेक दशके बोलत नव्हता. २००० साली एमिलिओ सिल्व्हा या पत्रकाराने आपल्या आजोबांच्या शोधात लिऑन प्रांतातल्या प्रियारान्सा गावी खोदकाम करवले. तेरा माणसे निघाली. पुढे डीएनए तपासणीने आजोबांची ओळख पटली. तेव्हापासून पुरातत्त्वज्ञ, हाडांचे तज्ज्ञ, इतिहासकार, मानववंशशास्त्रज्ञ एकाच खड्ड्याभोवती काम करीत आहेत. हा शोध सरकारची जबाबदारी ठरायला २०२२ चा कायदा यावा लागला.

जुन्या जखमा कशाला उकरता, असे तिथेही म्हणतात. हा प्रश्न मला मान्य नाही. जखम भरली आहे हे सांगण्याचा अधिकार ज्याला झाली त्याचा. आणि ती माणसे आता नव्वदीत आहेत. म्हणून संशोधनाचा पैसा वाटणाऱ्यांनी ‘उपयोग काय’ हे जरूर विचारावे, पण उत्तर पुढच्या मार्चअखेरीस मागू नये. हे मी मार्चअखेरीचा जन्मभर धसका घेतलेला माणूस म्हणतो आहे.

पालेन्सिया शहरात जुन्या कबरस्तानावर बाग झाली होती, मुलांचे झोपाळे होते. २०११ साली तिथल्या खोदकामात एका बाईच्या सांगाड्यापाशी रंगीत खुळखुळा सापडला. कातालिना मुन्योस, चार मुलांची आई. १९३६ च्या सप्टेंबरात तिला गोळ्या घातल्या, तेव्हा धाकटा नऊ महिन्यांचा होता. मातीत पंच्याहत्तर वर्षे राहूनही खुळखुळ्याचे रंग गेले नव्हते. २०१९ साली तो त्या धाकट्याच्या हाती दिला. त्याचे वय तेव्हा त्र्याऐंशी होते.