पंख असले म्हणून

बंगळुरूत बसवनगुडीच्या कृष्णराव उद्यानात सकाळी फिरताना मुंबईच्या शिवडी किनाऱ्यावरच्या चिखलाचा आणि तिथे उतरणाऱ्या पक्ष्यांचा विषय निघाला. मुंबईत हयात घालवलेल्या एका अभियंत्यांनी तो दोन वाक्यांत निकालात काढला. 'पक्ष्यांना पंख असतात, चिखल बुजला तर पुढच्या खाडीत उतरतील. तिथून अटल सेतू झाला तरी रोहित (फ्लेमिंगो) येतातच की!'

रोहितांचा दाखला गैरलागू आहे. लहान रोहित शेवाळ गाळून खातो आणि शेवाळ सांडपाण्यावरही पोसतं.

खरा राग येतो तो पंखांच्या युक्तिवादाचा. टिवळा, कोरल, टिलवा या पक्ष्यांना भरती-ओहोटीच्या मधला चिखल लागतो, आणि तो दिवसाचे काही तासच उघडा पडतो. लांब चोचीचा कोरल खोलवरचे किडे काढतो, तोकड्या चोचीचा चिखल्या वरवरचे टिपतो. लांबच्या उड्डाणाआधी काही जातींचं वजन जवळपास दुप्पट होतं. 2022 मध्ये पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचं पाचेक महिन्यांचं पिल्लू अलास्काहून टास्मानियाला 13,560 किलोमीटर गेलं, अकरा दिवस, कुठेही न उतरता. ते पंखांवर गेलं हे खरं, पण पंख चालले चिखलात खाऊन साठवलेल्या चरबीवर. आणि पुढची खाडी रिकामी पडलेली नसते, तिथेही खाणारे आधीच असतात. दक्षिण कोरियात 2006 मध्ये सेमांगुमची 33 किलोमीटरची समुद्रभिंत पुरी झाली आणि तिथला चिखल भरती-ओहोटीला मुकला. तिथले ग्रेट नॉट हे चिखलपक्षी शेजारी गेले का, हे मोजून पाहिलं गेलं. शेजारी वाढले ते हरवलेल्यांच्या मानाने थोडे, आणि ऑस्ट्रेलियातल्या मुक्कामीही पक्षी घटले. 2015 मध्ये ही जात संकटग्रस्त ठरली. पंख त्यांनाही होते!

चिखलाला पडीक समजण्याची खोड बंगळुरूलाही जुनीच. धर्मांबुधी तळ्याच्या जागी बसस्थानक आहे, संपंगीच्या जागी क्रीडांगण. उरलेल्या तळ्यांचं सुशोभीकरण करताना काठ उभे बांधतात, तळ खोल खणतात. पाणी राहतं, पण उथळ काठ जातो, आणि हिवाळी पाहुण्यांना हवा असतो तो काठच.

मग करायचं काय? ठाणे खाडीचं अभयारण्य 2015 चं, रामसर दर्जा 2022 चा. पण अभयारण्याची हद्द ऐरोली ते वाशी पुलांमधली, शिवडी तिच्याबाहेर. शिवडीचा चिखल आणि भरतीच्या वेळी पक्षी टेकतात ती मिठागरं, दोन्हींना तेच संरक्षण द्या. आणि इथे बंगळुरूत, केंपांबुधीसारख्या तळ्यांची निदान एक बाजू उतरती सोडा. पावसानंतर पाणी ओसरलं की नोव्हेंबरात तुतारी पक्ष्याला उतरायला ओला चिखल राहील.