विश्लेषण : बंदराला नवी क्रेन मिळते, मग शिकवणारा का नाही?

जगातील ८० टक्क्यांहून अधिक मालव्यापार समुद्रमार्गे होतो. विकसनशील देशही बंदरांवर मोठा खर्च करत आहेत. पण बंदर चालवणारी माणसे तयार करणाऱ्यांकडे मात्र दुर्लक्ष होते.

घानाचे उदाहरण काय सांगते?

घानातील टेमा बंदरात २०१९ मध्ये नवे कंटेनर टर्मिनल सुरू झाले. खर्च सुमारे १५० कोटी डॉलर. समुद्रकिनारा नसलेल्या बुर्किना फासो, माली, नायजर या देशांचा मालही टेमातून जातो. त्यामुळे इथे कंटेनर अडकला की त्याचा भुर्दंड शेजारच्या देशातील ग्राहकालाही बसतो. कंटेनर बहुतेक वेळा क्रेनपाशी अडकत नाही. तो कागदपत्रे, सीमाशुल्क तपासणी आणि ट्रकच्या रांगेत अडकतो.

प्रशिक्षणाचा कार्यक्रम काय आहे?

‘अंक्टाड’ ही संयुक्त राष्ट्रांची व्यापार व विकास संस्था. ‘ट्रेनफॉरट्रेड’ या तिच्या उपक्रमात बंदरांच्या मधल्या फळीतील अधिकाऱ्यांना शिकवले जाते. अभ्यासक्रमाचे आठ भाग आहेत आणि एकूण २४० तास. तो इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांत चालतो. शेवटी प्रत्येकाने आपल्याच बंदरातील एका अडचणीवर प्रबंध लिहायचा असतो. आयर्लंड आणि स्पेनमधील बंदरांतील अनुभवी अधिकारी मदतीला येतात.

यात नवे काय?

स्थानिक वरिष्ठांनाच ‘शिकवायचे कसे’ हे शिकवले जाते. पुढच्या तुकडीचे वर्ग मग तेच घेतात. बाहेरचा तज्ज्ञ आठवडाभराने विमान पकडतो आणि त्याचे ज्ञानही त्याच्यासोबत जाते. स्थानिक प्रशिक्षक मात्र तिथेच राहतो. कोणता कागद कोणत्या टेबलावर थांबतो हेही त्याला ठाऊक असते.

मग घोडे कुठे अडते?

वर्ग घेणे हे बंदरात बहुधा ‘जास्तीचे काम’ मानले जाते. जहाज धक्क्याला लागले की वर्ग पुढे ढकलला जातो. शिकवण्याची नोंद बढतीच्या वेळी होत नसेल, तर हुशार अधिकारी त्यात वेळ का घालवेल? तयार झालेला प्रशिक्षक खासगी टर्मिनलने जास्त पगारावर नेला, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

उपाय काय?

प्रशिक्षकाला कामाच्या वेळेतच ठरावीक तास मिळावेत. त्याने किती जणांना तयार केले, हे बढतीत मोजले जावे. प्रत्येक विभागात एकाऐवजी दोन प्रशिक्षक असावेत. बंदराला कर्ज देणाऱ्या संस्थांनीही यंत्रसामग्रीसोबत ही अट घालावी. क्रेनच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे.

महाराष्ट्राचा संबंध काय?

पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. अंदाजित खर्च ७६,२२० कोटी रुपये. बंदर उभे राहायला वर्षे लागतील, तशीच ते चालवणारी माणसे घडायलाही लागतील. भरती आयत्या वेळी करता येते, पण नव्यांना शिकवणारे आयत्या वेळी मिळत नाहीत. त्यांची तयारी आतापासूनच हवी.