घनता आणि मालमोटार

‘घनतेचा आम्हांस पुढें काय उपयोग?’ असें विद्यार्थी वारंवार विचारतात. त्यांनीं रस्त्यावरील मालमोटारीकडे पाहावें, असें आम्ही सुचवितों.

वाळू ब्रासनें विकली जाते. ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात् सुमारें २·८३ घनमीटर. हें माप घनफळाचें झालें. मोटारीच्या चाकांवर भार पडतो तो वजनाचा. कोरड्या वाळूच्या घनमीटरास सुमारें १,६०० किलो धरल्यास ब्रासभर वाळू साडेचार टन भरते. तीच पाण्यानें पूर्ण भिजलेली असल्यास पांच टनांच्याही वर जाते. उलट, सुट्या कापसानें हौदा शिगोशीग भरला तरी वजन थोडेंच.

म्हणून ‘जागा आहे, आणखी घाला’ ही रीत आम्हांस घातक वाटते. अतिभारानें घाट उतरतांना ब्रेक तापून निकामी होतात, आणि त्याची किंमत चालकाच्या घरच्यांस मोजावी लागते.

घनफळास घनतेनें गुणावें, आणि येणारें वजन नोंदणीपत्रकांतील मर्यादेशीं ताडून मगच माल चढवावा. ज्या पालकांचा वाहतुकीचा धंदा आहे, त्यांनीं हा गुणाकार आपल्या मुलांकडूनच करवून घ्यावा. घनतेचा उपयोग मग त्यांस निराळा सांगावा लागणार नाहीं.