आमचा रविवार कुठे गेला?

गेल्या हिवाळ्यात अलिबाग तालुक्यातल्या एका गावात आमच्या मंडळाची बैठक होती. पाणी, रेशन, दारू हे विषय संपले आणि एक बाई म्हणाली, "एक दिवस कुठंतरी जाऊया ना. नुसतं फिरायला." क्षणभर सगळ्या गप्प. मग प्रश्न सुरू झाले. घरी काय सांगायचं? मागचा स्वयंपाक कोण करणार? देवाला निघालो तर सासू सोडेल, पण फिरायला? शेवटी एका जुन्या कार्यकर्तीने तोडगा काढला, "प्रशिक्षण शिबिर आहे म्हणून सांगा." सगळ्यांना हायसे वाटले. मलाही वाटले, आणि त्याचीच आज लाज वाटते.

बाईला घराबाहेर पडायला कारण लागते. मजुरी, बाजार, दवाखाना, लग्न, मयत, देवदर्शन ही कारणे चालतात. "मला जावंसं वाटलं" हे कारण मात्र चालत नाही. पुरुषाला ते कुणी विचारतच नाही. आणि आपण संघटनेच्या बायका, घरात प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या, आपणही खोटे कारण शोधतो. अहवालात सहलीला 'क्षमताविकास' म्हणतो. म्हणजे बाईचा मोकळा दिवस ही लपवायची गोष्ट आहे हे आपणच मान्य करतो.

रविवारची सुट्टी आपल्याला कुणी भीक म्हणून दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले. एप्रिल 1890 मध्ये मुंबईत हजारो कामगारांची सभा झाली, तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. 10 जून 1890 रोजी सुट्टी मान्य झाली. मग तो रविवार बायकांच्या वाट्याला किती आला? रविवारी सगळे घरी, म्हणून मटण-मासळी, पाहुणे, आठवड्याचे धुणे. सुट्टी मागायला बाई व्यासपीठावर होती, सुट्टी भोगताना ती चुलीपाशी राहिली. सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत देशातल्या स्त्रिया विनामोबदला घरकामावर दिवसाला 289 मिनिटे घालवतात असे दिसले. पुरुष 88 मिनिटे. तेही, जे पुरुष घरकाम करतात त्यांच्यापुरते.

काही मैत्रिणी म्हणतील, "मारहाण, हुंडा, बेकारी हे प्रश्न समोर असताना सहली कसल्या काढता?" मी उलटे विचारते. मार खाणारी बाई आपल्याशी मोकळेपणी कुठे बोलते? बैठकीत, जिथे तिची जाऊ आणि शेजारीण मांडीला मांडी लावून बसलेली असते? की झाडाखाली, घरापासून दूर, कुणाला जेवण वाढायचे नसताना? पण एवढ्यावरही मी थांबणार नाही, कारण हेही पुन्हा एक कारणच झाले. सहलीतून काहीही निष्पन्न झाले नाही तरी ती आपल्या हक्काची आहे.

मुरूडजवळचे फणसाड अभयारण्य पाहा. हे जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान. एका पुरुषाच्या मौजेसाठी अख्खे जंगल राखले गेले. 1986 साली ते अभयारण्य झाले. परिसरातल्या बाया रानात आजही जातात, पण मोळीसाठी. कोळीण समुद्रावर रोज जाते, पण मासळीसाठी. रान आणि दर्या आपल्याला नवे नाहीत. डोक्यावर ओझे नसताना तिथे जाणे तेवढे नवे आहे.

म्हणून सहल ठरवतानाच काही गोष्टी पक्क्या करा. एस.टी.त 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, त्याचा फायदा घ्या. सकाळी फणसाडमध्ये पाणवठ्यांच्या वाटेने चाला. तिथे पाणवठ्याला 'गाण' म्हणतात. शेकरू दिसले तर नशीब. दुपारनंतर काशीदचा किनारा. पहाटे चारला उठून कुणी पोळ्या लाटायच्या नाहीत. वाटेतल्या गावात जेवण आगाऊ सांगा, आणि रांधणारी बाईच असणार हे लक्षात ठेवून घासाघीस न करता पुरते पैसे द्या. संडास कुठे आहे ते आधी कुणीतरी पाहून या. नाहीतर आपण दिवसभर पाणीच पीत नाही. घरची मुले त्या दिवशी बापाने सांभाळायची.

समुद्राची भीती घालून मुलींना घरी बसवू नका. 2016 च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे 14 विद्यार्थी बुडाले. ते दुःख विसरता येत नाही. पण त्याचा धडा "जाऊ नका" असा नाही, "जाणून जा" असा आहे. कोकणात जुना हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. तरी पाण्यात पाय घालण्याआधी स्थानिक कोळणीला विचारा. तिच्याइतका तो किनारा कुणाला ठाऊक?

आणि बंगल्याच्या रखवालदाराने वाळूवरून हटकले तर घाबरू नका. भरतीच्या रेषेखालचा किनारा सरकारचा, म्हणजे लोकांचा आहे. त्या लोकांत आपणही येतो.

आमच्या मंडळाची ती सहल अखेर 'शिबिर' म्हणूनच झाली. साठीची एक बाई गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि म्हणाली, "जन्म गेला या गावात, पण दर्यात अशी उगाच कधी उभी नव्हते." यंदा आम्ही पुन्हा जाणार आहोत. वहीत 'सहल' असेच लिहिणार आहोत, आणि घरीही तेच सांगणार आहोत. भांडण होईल, त्याची तयारी आहे. तुमच्या गटात काय ठरले, ते कळवा.