विश्लेषण : सात तासांचा चित्रपट कशासाठी? बेला टार यांच्या संथपणामागे काय?

हंगेरियन कादंबरीकार लास्लो क्रास्नाहोरकाई यांना २०२५ चे साहित्याचे नोबेल मिळाले आणि दिग्दर्शक बेला टार यांचे नाव पुन्हा चर्चेत आले. क्रास्नाहोरकाई यांच्या कादंबरीवर टार यांनी केलेला ‘सातानटँगो’ (१९९४) सात तासांहून अधिक चालतो. इतका वेळ कशासाठी, हा प्रश्न रास्तच आहे.

सुरुवात कशी झाली?

टार यांचा जन्म १९५५ मध्ये पेच शहरातला. ‘फॅमिली नेस्ट’ (१९७९) हा त्यांचा पहिला चित्रपट घरटंचाईवर होता. हक्काचे घर मिळत नाही म्हणून सासू-सासऱ्यांच्या अपुऱ्या जागेत राहणाऱ्या तरुण कुटुंबाची ही कथा. समाजवादी राजवटीच्या दाव्यांपेक्षा वेगळेच वास्तव त्यात दिसले.

शॉट इतके लांब का?

एरवी चित्रपटात शेकडो, कधी हजाराहून अधिक कट असतात. टार यांच्या ‘द ट्युरिन हॉर्स’मध्ये (२०११) अडीच तासांत जेमतेम ३० शॉट आहेत. फिल्मचे एक रीळ सुमारे ११ मिनिटे चालते, त्यामुळे त्यांचा शॉट तिथेच थांबे. ‘सातानटँगो’त बंद पडलेल्या सामूहिक शेतीवरचे गावकरी कुणीतरी येऊन आपले भले करील, याची वाट पाहतात आणि येणारा त्यांचे पैसे घेतो. चिखल, पाऊस आणि वाट पाहणे हेच त्यांचे आयुष्य. ते झटपट दाखवले, तर त्यांची अगतिकता प्रेक्षकाला कळणारच नाही.

हे कंटाळवाणे नाही का?

काहींना वाटते, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण गरिबाचे दुःख दोन मिनिटांत दाखवून पुढे सरकणारे चित्रपट कमी नाहीत. ‘द ट्युरिन हॉर्स’मधले बाप-लेक रोज उकडलेला बटाटा हाताने सोलून खातात. दिवसागणिक तेच पाहताना प्रेक्षक त्यांना विसरू शकत नाही.

पुढे काय?

याच चित्रपटाला बर्लिन महोत्सवात ज्युरींचे ‘सिल्व्हर बेअर’ मिळाले आणि टार यांनी कथापट थांबवले. नंतर त्यांनी सारायेव्होत चित्रपटशाळा काढली. २०२२ मध्ये केरळच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने त्यांना जीवनगौरव दिला. सेकंदांच्या रील्सची सवय झालेल्यांनी त्यांचा एक तरी चित्रपट सलग पाहावा. चुळबुळ होईल, पण दुसऱ्याच्या आयुष्याला आपण किती वेळ देतो, तेही उमगेल.