आधी वेल, मग आकृती

झाडाला फुलं का येतात, असं पहिली-दुसरीतल्या मुलांना विचारलं तर बहुधा उत्तर येतं, देवाला वाहायला. नाहीतर गजऱ्यासाठी. फुलं त्यांनी तिथेच पाहिलेली असतात, त्यामुळे त्यांचं काही चुकत नाही. शाळेचं मात्र चुकतं. काही वर्षांनी उभी कापलेली जास्वंद फळ्यावर येते आणि पुंकेसर, स्त्रीकेसर, अंडाशय ही नावं बाणांसकट वहीत उतरतात. जास्वंदीचं फूल मोठं, भाग ठसठशीत, म्हणून तिची निवड. पण आपल्या अंगणातल्या जास्वंदीला सहसा फळच धरत नाही. फुलाचं काम ज्या फुलावर शिकायचं, त्याचं काम तडीस गेलेलं मुलांना दिसतच नाही.

त्यापेक्षा लाल भोपळ्याचा वेल घ्यावा. जूनमध्ये बी टोचलं की श्रावणाच्या सुमारास पिवळी फुलं येऊ लागतात. आधी येतात ती नरफुलं, लांब देठाची. ती गळतात आणि घरची माणसं उगाच काळजीत पडतात. मग मादीफूल येतं. त्याच्या पाकळ्यांखाली इवलासा भोपळा आधीपासूनच असतो. तो पाहताना मुलांचे डोळे विस्फारतात, कारण प्रश्न आपोआप पुढे येतो: हा भोपळा आता वाढणार कशाने?

उत्तर मुलांनाच शोधू द्यावं. उद्या उमलतील अशा दोन मादीकळ्यांवर संध्याकाळी कागदी पिशव्या बांधायच्या. सकाळी लवकर, फुलं मिटायच्या आत, एकीची पिशवी काढून नरफुलातले परागकण आत टेकवायचे आणि पिशवी पुन्हा बांधायची. दुसरी तशीच ठेवायची. काही दिवसांत दुसरीचा भोपळा पिवळा पडून गळतो, पहिलीचा बहुतेक वेळा फुगू लागतो. एरवी हे काम मधमाश्या करतात, हे त्यानंतर सांगितलं तर पटतं. नर-मादी हे शब्द उच्चारायला काही शिक्षक बिचकतात. वेलासमोर तो संकोच उरत नाही.

मुलाच्या हाताने फळ धरवण्याला मोठा इतिहास आहे. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर व्हॅनिलाचे वेल होते, पण मेक्सिकोत त्यांचं परागण करणारे कीटक तिथे नव्हते, म्हणून शेंगा धरत नसत. 1841 मध्ये एडमंड आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडी आणि अंगठा वापरून फुलातले पराग कुक्षीवर टेकवायची रीत शोधली. व्हॅनिलाच्या लागवडीत आजही तीच रीत चालते.

जागेची अडचण फारशी नाही. शालेय पोषण आहारासाठी अनेक जिल्हा परिषद शाळांनी परसबागा केल्या आहेत. तिथला भोपळा, दोडका, कारलं आमटी-भाजीच्या आधी विज्ञानाच्या तासाला कामी यावं. जागा असेल तर मकाही लावावा: कणसाचा एकेक केस एकेका दाण्याला जोडलेला असतो आणि ज्या केसापर्यंत पराग पोचला नाही, तिथे दाणा भरत नाही. अशी खिंडारं असलेलं कणीस बाजूला न टाकता वर्गात न्यावं आणि चुकलेले दाणे मुलांनाच मोजायला लावावेत.