‘बॅकअप किती देते?’ हा प्रश्न क्रॉलरला विचारू नका

रिमोटवरचा रॉक क्रॉलर घेऊन पुण्यातल्या कुठल्याही टेकडीवर जा. पाच मिनिटांत चार माणसं भोवती जमतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, “बॅकअप किती देते?” फिरायला आलेल्या काकांनी हे विचारलं तर माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्याच छंदातल्या लोकांबद्दल. टायरचं रबर किती मऊ असावं यावर तासभर वाद घालणारी ही मंडळी बॅटरी घेताना मात्र एकच आकडा बघतात, एमएएच. पाच हजार म्हणजे भारी, पंधराशे म्हणजे खेळणं. विषय संपला.

माझं म्हणणं नेमकं उलट आहे. क्रॉलरमध्ये बॅटरी हे आधी वजन असतं आणि मग इंधन. ज्याला दगड चढायचाय त्याने काम भागेल एवढी छोट्यात छोटी बॅटरी घ्यावी आणि ती गाडीच्या तोलाला हवी तिथे बसवावी. कंपनीच्या ट्रेमध्ये मावेल ती सगळ्यात मोठी बॅटरी कोंबणं हा आळस आहे, आणि त्या आळसाला आपण ‘अपग्रेड’ म्हणतो.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्रॉलर ही रेसची गाडी नव्हे. खऱ्या जीपच्या साधारण एक-दशांश आकाराची ही गाडी असते. चारही चाकांना ताकद, डिफरन्शियल लॉक केलेले, टायर मऊ आणि वेग आपल्या चालण्याइतका किंवा त्याहून कमी. अमेरिकेत युटामधल्या मोआबच्या खडकांवर किंवा कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलवर खऱ्या जीप जे करतात, त्याची ही छोटी आवृत्ती. अ‍ॅक्सियलची एससीएक्स-टेन मालिका आणि ट्रॅक्ससची २०१७मध्ये आलेली टीआरएक्स-फोर ही त्यातली ओळखीची नावं. इथे सगळा खेळ तोलाचा आहे. न उलटता वर पोचलात तर जिंकलात.

आकड्याचं गारूड

एमएएच हा आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. बॅटरीत ऊर्जा किती आहे हे कळायला त्याला व्होल्टेजने गुणावं लागतं. दोन सेलची, म्हणजे ७.४ व्होल्टची, २२०० एमएएचची लायपो घ्या. गुणाकार येतो १६.३ वॅट-अवर. आता तीन सेलची, ११.१ व्होल्टची, १५०० एमएएचची घ्या. उत्तर १६.७ वॅट-अवर. म्हणजे ‘पंधराशे’वाली बॅटरी ‘बावीसशे’वालीपेक्षा किंचित जास्तच ऊर्जा बाळगून आहे. मोबाइलमध्ये हा घोळ होत नाही, कारण जवळपास सगळ्या फोनच्या बॅटऱ्या एकाच व्होल्टेजच्या आसपास असतात. तिथली सवय आपण इथे उचलून आणली.

बरं, वेळेचंही बघू. माझी गाडी दगडांवर सरासरी अडीच अँपिअर खाते. १५०० एमएएचच्या पॅकमधले ऐंशी टक्के वापरायचे म्हटले तर १२०० एमएएच मिळतात. म्हणजे जवळजवळ अर्धा तास. अर्धा तास हा क्रॉलिंगमध्ये भरपूर वेळ आहे. एकाच दगडासमोर उकिडवं बसून दहा वेळा वेगळी वाट शोधणाऱ्या माणसाचे गुडघे आधी संपतात, बॅटरी नंतर.

लेबलवरच्या सी-रेटिंगचं कौतुकही आवरा. १५०० एमएएचचा पॅक ३०सी म्हणजे कागदावर ४५ अँपिअर. लेबलं सढळ हाताने छापतात, त्यामुळे त्यातले निम्मे धरा. हळू चालणाऱ्या साध्या ब्रश मोटरला तेवढे सहसा पुरतात. आणि स्टिअरिंग अडकलं की गाडी क्षणभर मरते, तेव्हा लगेच बॅटरीला दोष देऊ नका. बऱ्याचदा सर्व्होने एकदम जास्त करंट ओढलेला असतो आणि स्पीड कंट्रोलरमधून मिळणारा पुरवठा कोसळलेला असतो. तिथे वेगळा बीईसी लावायचा असतो. मोठी बॅटरी लावून तो प्रश्न सुटत नाही.

गाडी उलाळ होते

बैलगाडी हाकणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. ओझं मागे सरकलं की गाडी उलाळ होते, पुढचा भाग वर उचलला जातो. म्हणून चढ लागण्याआधी तो पोती पुढे घेतो. क्रॉलरचंही तसंच आहे. गाडीच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली उभी रेष मागच्या चाकाच्या टेकणीच्या मागे गेली, की गाडी पाठीवर पडणार. मोटर कितीही ताकदीची असो.

कागदावर मांडूनच बघू. आकडे उदाहरणासाठी घेतलेत, पण अवास्तव नाहीत. दोन चाकांमधलं अंतर ३१३ मिलिमीटर. बॅटरीशिवाय गाडी २२०० ग्रॅम. तिचा गुरुत्वमध्य मागच्या अ‍ॅक्सलपासून १६० मिलिमीटर पुढे आणि जमिनीपासून १०० मिलिमीटर उंच.

आता हिच्यात तीन सेलची ५००० एमएएचची बॅटरी ठेवा, वजन ४०० ग्रॅम. ट्रे मागे आणि उंच आहे असं धरू: मागच्या अ‍ॅक्सलपासून ६० मिलिमीटर पुढे, जमिनीपासून १४० मिलिमीटर वर. हिशोब केला तर ही गाडी साधारण ५४ अंशांच्या चढावर पाठीवर पडते.

तीच गाडी, पण १३० ग्रॅमचा १५०० एमएएचचा पॅक. पुढच्या अ‍ॅक्सलच्या जवळ, म्हणजे मागच्यापासून २९० मिलिमीटरवर, आणि फक्त ८० मिलिमीटर उंचीवर. आता कोन येतो ५९ अंशांच्या थोडा वर.

जवळजवळ सहा अंशांचा फरक पडला. नवीन टायर नाहीत, नवीन मोटर नाही. बॅटरी लहान केली आणि जागा बदलली, एवढंच. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट कोरडा असतो तेव्हा मऊ टायरला छान धरतो. त्यामुळे अशा दगडावर गाडी बऱ्याचदा घसरायच्या आधी उलटते. तिथे हे सहा अंश म्हणजे चढलेला आणि न चढलेला दगड.

यातला सगळ्यात मोठा विनोद पुढे आहे. मोठी बॅटरी उंचावर ठेवून गाडी डुलायला लागली की आपण काय करतो? पितळेचे नकल, पितळेची अ‍ॅक्सल कव्हरं, चाकांत वजनं, असं सगळं विकत आणतो. म्हणजे वर पैसे देऊन वजन चढवायचं आणि ते फेडायला खाली पैसे देऊन आणखी वजन लावायचं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, मला हा रोग ओळखीचा आहे. कोड सुस्त चालला की तो उघडून बघण्याआधी मोठं मशीन मागायचं.

“पण…”

“वजनाने ग्रिप वाढते ना?” वाढते, पण वजन चाकांपाशी आणि खाली असेल तर. म्हणून पितळेला माझा विरोध नाही. छतापाशी टांगलेलं वजन मात्र चाकं दाबण्यापेक्षा गाडी उलटवायलाच जास्त मदत करतं.

“पुढे वजन टाकलं तर उतारावर नाकावर पडेल.” रास्त शंका. वरच्याच उदाहरणात उताराचा कोन काढला, तर मोठ्या बॅटरीची गाडी ५८ अंशांपर्यंत टिकते आणि छोट्या बॅटरीची ५६ पर्यंत. चढाला सहा अंश कमावले, उताराला दोन गमावले. हा सौदा मी डोळे झाकून करेन.

“आम्ही दिवसभर ट्रेलला जातो.” जा की. ५००० एमएएचच्या एका बॅटरीऐवजी १५०० एमएएचच्या तीन घ्या. तिन्हींचं मिळून वजन एका मोठीएवढंच आणि ऊर्जाही थोडीच कमी. फरक इतकाच, की दोन तुमच्या सॅकमध्ये राहतील आणि गाडीला एकच वाहावी लागेल. शिवाय एक फुगली तर एकच फेकावी लागते.

एका गोष्टीवर मी माघार घेतो. सपाट पायवाटेवर नुसती जीप फिरवायची, फोटो काढायचे, असा ज्यांचा आनंद आहे, त्यांनी खुशाल मोठी बॅटरी लावावी. पण मग दगडावर गाडी उलटली की टायरला शिव्या देऊ नयेत.

बसवायची कशी?

तयार गाडीतला ट्रे हे वेदवाक्य नाही. तो बहुतेक वेळा वेगवेगळ्या मापाच्या जास्तीत जास्त बॅटऱ्या मावाव्यात म्हणून केलेला असतो. त्यात कंपनीची सोय असते, तुमच्या दगडाची नसते. जागा ठरवण्याआधी मोजा. स्वयंपाकघरातला वजनकाटा पुढच्या चाकांखाली ठेवा आणि मागच्या चाकांखाली तेवढ्याच उंचीचं पुस्तक. मग उलट करा. पुढे साठ टक्क्यांच्या आसपास आणि मागे चाळीस हे सुरुवातीला चांगलं प्रमाण आहे. नंतर गाडी एका फळीवर उभी करा, फळीवर फोन ठेवून त्यातलं लेव्हलचं अ‍ॅप चालू करा आणि फळी हळूहळू उचला. गाडी कितव्या अंशाला मागे कलते ते लिहून ठेवा. बॅटरीची जागा बदला, पुन्हा उचला. रिव्ह्यूच्या व्हिडिओपेक्षा ही फळी खरं बोलते.

पुढे जागा करताना सस्पेन्शन पूर्ण दाबून आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. लिंक, सर्व्होचा हात किंवा शॉक कुठेही पॅकला लागता कामा नये. मऊ लायपोवर फक्त एक पातळ आवरण असतं. म्हणून खालून डोकावणारी स्क्रूची टोकं कापा किंवा झाका. केबल टायने आवळू नका, ती कड आत रुतते. रुंद वेल्क्रो पट्टा आणि खाली ड्रॉवरमध्ये अंथरतात तसल्या न घसरणाऱ्या मॅटचा तुकडा, एवढं पुरतं. पॅकच्या पुढे काहीतरी कडक असू द्या, दगडाला धडकायचं काम बंपरचं आहे. वायर फिरत्या ड्राइव्हशाफ्टपासून लांब बांधा, विशेषतः बॅलन्सची बारीक वायर.

आणि पॅक दहा सेकंदांत निघाला पाहिजे. चार स्क्रू काढावे लागत असतील, तर तुम्ही कंटाळून तो गाडीतच ठेवून चार्ज कराल. तिथून पुढचा विषय गंमतीचा राहत नाही.

वन बीएचकेमधली ठिणगी

आपल्यापैकी बहुतेकांकडे गॅरेज नाही. चार्जिंग होतं ते हॉलमध्ये, पडद्याखाली, नाहीतर गादीच्या कडेला, घरातले झोपलेले असताना. लायपोमधला द्रव पेट घेणारा असतो. दगडावर आदळून आतून दुखावलेला पॅक बाहेरून ठीक दिसू शकतो आणि चार्जिंगला लावल्यावर पेटू शकतो. पाच हजाराच्या त्या पॅकमध्ये ५५ वॅट-अवर आहेत, पंधराशेच्या पॅकमध्ये त्याच्या एक तृतीयांशाहून कमी. घरात काय पेटू शकतं याचा विचार करणाऱ्याला हा आकडा एमएएचपेक्षा महत्त्वाचा वाटला पाहिजे.

म्हणून पॅक गाडीतून काढून, फरशीवर, जागेपणी आणि बॅलन्स मोडमध्येच चार्ज करा. १५०० एमएएचला १.५ अँपिअर. स्पीड कंट्रोलर लायपोच्या सेटिंगवर आहे का ते तपासा. निकेल बॅटरीच्या सेटिंगवर राहिला तर तो वेळेवर थांबत नाही आणि सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊन खराब होतो. आठवडाभर गाडी बाहेर काढणार नसाल तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवा. पॅक फुगला तर सुई टोचून हवा काढणारे महाभाग आहेत, त्यांच्या नादी लागू नका. आणि तो घंटागाडीत टाकू नका, कचरा वेचणाऱ्याच्या हातात किंवा गाडीतच तो पेटू शकतो. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पॅक ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

दुकानदार मोठा आकडा विकणारच, तो त्याचा धंदा आहे. पण हा छंद आपण घेतला तो हाताने काहीतरी समजून घेण्यासाठी. बॅटरीचा निर्णय लेबलवर सोडून दिला, तर उरते ती नुसती खरेदी. तेव्हा टेकडीवर पुन्हा कुणी “बॅकअप किती?” विचारलं, तर वेळ सांगू नका. “अर्धा तास. पण किती अंश चढते ते विचारा,” असं सांगा, आणि गाडी दगडाला लावा.